उपाय सिद्ध झाला, राबवणार कोण?

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणूस मरतो तो वेदनेमुळे नाही. विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी साठते आणि तरणाताठा शेतकरी किंवा अंगणात खेळणारे पोर रात्रीतून जाते. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर अशा रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी ठेवू लागले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग धाप. कोणत्या लक्षणानंतर काय होते याचे चित्र त्या नोंदींतून उभे राहिले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापले. पुढचा प्रश्न उपचाराचा होता. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड गुणकारी ठरत होते. पण ते शिरेतून थेंब मोजत द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. म्हणजे अतिदक्षता विभाग हवा. तालुक्याच्या गावात तो कुठून आणायचा? बावस्करांनी मग प्राझोसिन तपासले. रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही स्वस्त गोळी तोंडाने देता येते आणि आरोग्य केंद्रातला कोणताही डॉक्टर ती देऊ शकतो. १९८६ मध्ये त्यावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. एके काळी दवाखान्यात पोहोचलेल्यांचाही जीव घेणारा हा दंश वेळेवर उपचार मिळाल्यास आता क्वचितच प्राणघातक ठरतो.

या संशोधनातला निर्णायक टप्पा कोणता? लक्षणे ओळखणे महत्त्वाचे होतेच. पण गुणकारी ठरलेले पहिले औषध बाजूला ठेवून दुसरे शोधायला निघणे, हा टप्पा मला त्याहून मोठा वाटतो. औषधशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न पहिल्याच औषधाने सुटला होता. तो सुटला नव्हता तो फक्त बिरवाडीच्या दृष्टीने. उपयोजित संशोधनाचा कस इथे लागतो. एखादा उपाय चालतो का, हा त्याचा अर्धा प्रश्न. तो रोज कोणाच्या हातून, किती मोबदल्यात आणि इतर कोणत्या कामांच्या रगाड्यात चालेल, हा उरलेला अर्धा. आपल्याकडे या दुसऱ्या अर्ध्याला संशोधन मानतच नाहीत. त्याला अंमलबजावणी म्हणतात, त्याचा जीआर निघतो आणि विषय संपतो. आरोग्य, अभियांत्रिकी, शिक्षण आणि बँकिंग या चारही क्षेत्रांत आपली फसगत याच ठिकाणी होत आली आहे.

आरोग्यातलेच आणखी एक उदाहरण घेऊ. गडचिरोलीत नव्वदच्या दशकाच्या मध्याला हजार जन्मांमागे ६० हून अधिक अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. नवजात बाळ आजारी पडले की त्याला रुग्णालयात न्यावे, हे वैद्यकशास्त्राचे उत्तर. पण बाळंतपण घरात, रुग्णालय कोसभर लांब आणि ओल्या बाळंतिणीने बाळाला घेऊन घराबाहेर पडायचे नाही अशी रीत. त्या उत्तराचा उपयोग काय? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, ऊब देणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन टोचणे, हे सारे त्यांना शिकवले. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा निबंध आला आणि जगभरच्या बालआरोग्याच्या धोरणांवर त्याचा परिणाम झाला.

या प्रयोगात शोध कशाचा लागला, हे नीट पाहायला हवे. जेंटामायसिन जुनेच औषध. बाळाला ऊब द्यावी, हेही नवे नाही. थोडीफार शिकलेली गावातली बाई, योग्य प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळाली तर, हे काम सुरक्षितपणे करू शकते, हा खरा शोध होता. म्हणजे संशोधनाचा विषय औषधापेक्षा ते देणारा हात होता.

२०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांच्या घरोघर काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. गडचिरोलीतले संशोधन देशाचे धोरण झाले, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण जाता जाता त्याचे रूप पालटले. इंजेक्शनचे काम आशांच्या हाती दिले गेले नाही. भेटी ठरल्या, त्यांचे तक्ते आले आणि एका बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मोबदला ठरला. गडचिरोलीत एका आरोग्यदूतामागे जितकी देखरेख होती, तितकी आशांच्या वाट्याला आली नाही. शिवाय आशा ही कर्मचारी नाही, कागदावर ती स्वयंसेविका. लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत डझनावारी कामे तिच्याच डोक्यावर आणि मानधनासाठी तिला मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागतो. सिद्ध झालेला उपाय आणि राबवलेला उपाय यांत एवढे अंतर पडल्यावर त्या दुसऱ्या उपायाची स्वतंत्र परीक्षा व्हायला हवी. आपण मात्र पहिल्याच्या प्रमाणपत्रावर दुसरा चालवतो.

अभियांत्रिकीत ही चूक अधिक सहज होते, कारण यंत्र प्रयोगशाळेत चालताना डोळ्यांना दिसते. निर्धूर चूल हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. लाकडाच्या धुराने बायकांची फुप्फुसे खराब होतात, हे खरे. चांगल्या बांधणीची, धुराडे असलेली चूल धूर बाहेर टाकते आणि सरपण वाचवते, हेही प्रयोगशाळेत मोजून झाले होते. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला, कोट्यवधी चुली बसल्या आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला. पुढे ओडिशात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी सुमारे २,६०० कुटुंबांचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी घरातल्या बाईच्या छातीत जाणारा धूर खरोखर कमी झाला. दुसऱ्या वर्षापासून तो फरक मावळला. चूल तडकली तर लिंपायची कोणी, धुराडे साफ करायचे कोणी आणि मोठे भांडे बसत नसेल तर काय, या प्रश्नांना उत्तर नव्हते. घरोघर जुनी चूल पुन्हा पेटली. सरपणही वाचले नाही आणि आरोग्यही सुधारले नाही. चूल तयार करणाऱ्यांनी ज्वलनाचा अभ्यास केला होता, स्वयंपाकाचा केला नव्हता.

उलट उदाहरण शंभर वर्षांहून जुने आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे आठवतात. १९०३ मध्ये बसवलेल्या त्या दरवाजांचे कौतुक रास्तच आहे. पण त्याच सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी जे केले ते उपयोजित संशोधनाचा धडा म्हणून अधिक मोलाचे आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेले बागायतदार उसाला वारेमाप पाणी घेत, जमिनी चिबडत आणि शेपटाकडच्या गावांना पाणी पोहोचत नसे. कालवा उत्तम बांधलेला होता, बिघाड वाटपात होता. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. पाणी गावोगावच्या ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी मंजूर करायचे, त्यातल्या काही भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि उसाची जागा फिरती ठेवायची. बागायतदारांनी आधी विरोध केला. विश्वेश्वरय्यांनी त्यांच्यासमोर बसून चर्चा केली, योजना समजावली आणि ती लागू झाली. ब्लॉक पद्धत महाराष्ट्राच्या सिंचनात पुढे अनेक दशके चालली. उसाची भूक तिला आवरता आली नाही, हा भाग वेगळा. पण पाट उघडणारा पाटकरी, पाणी मागणारा शेतकरी आणि त्याच्यापुढची पिकांची निवड हे सारे अभियंत्याच्या गणिताचा भाग आहे, हे विश्वेश्वरय्यांनी ओळखले. आजही आपण कोट्यवधी रुपयांच्या धरणांचे संकल्पचित्र अभियांत्रिकी मानतो आणि शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही याला प्रशासनाचा प्रश्न म्हणून सोडून देतो.

शिक्षणात या विषयाची सर्वांत प्रामाणिक कहाणी मुंबईत सुरू होते. 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, माध्यमिक शाळा शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीत वाचता न येणाऱ्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून बाजूला घेऊन रोज दोन तास त्यांच्या पातळीवरून वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवायची, इतकेच त्यांचे काम. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रीय चाचणी घेतली. मुलांची प्रगती ठळकपणे दिसली. २०१९ मध्ये बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळाले तेव्हा या प्रयोगाची पुष्कळ चर्चा झाली. त्यानंतरचा भाग मात्र वर्तमानपत्रांत फारसा आला नाही, आणि शिकण्यासारखे त्यातच अधिक आहे.

उपाय सिद्ध झाला तो वस्तीतल्या, मानधनावरच्या मुलींच्या हातून. सरकारी शिक्षकांच्या हातून तो चालेल का? बिहार आणि उत्तराखंडमध्ये पाहणी झाली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात याच पद्धतीने शिकवले तेव्हा मुले पुढे गेली. त्याच प्रकारच्या शिक्षकांना शाळेच्या वर्षात प्रशिक्षण आणि साहित्य दिले तेव्हा जवळपास काहीच फरक पडला नाही. शिक्षकाला पद्धत येत होती, त्याची इच्छाही होती. पण शाळा उघडली की त्याच्यापुढे पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचे काम असते, आणि साहेब आले की 'कितवा धडा चालू आहे?' हेच विचारतात. उत्तराखंडात वाचनवर्गासाठी दिलेले स्वयंसेवक शाळेने नेहमीच्या शिकवण्यात जिरवून टाकले. या अपयशातून पुढची रचना आली. हरियाणात दिवसातला एक तास फक्त याच कामासाठी राखला, मुलांची इयत्तेऐवजी पातळीनुसार विभागणी केली आणि पर्यवेक्षकांनाही त्यात सामील केले. भाषेत प्रगती दिसली, गणितात नाही. उत्तर प्रदेशात 'प्रथम'च्या कार्यकर्त्यांनी शाळांतच थोड्या थोड्या दिवसांची शिबिरे घेतली, तिथे प्रगती मोठी होती.

बालसखीच्या पहिल्या चाचणीपासून हरियाणा-उत्तर प्रदेशपर्यंत यायला दशकाहून अधिक काळ गेला. या काळात नवे शैक्षणिक तत्त्व सापडले नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवावे, हे तर प्रत्येक चांगल्या शिक्षकाला ठाऊक असते. सापडली ती वेळापत्रकातली जागा. संशोधनाचे निष्कर्ष किती क्षुल्लक वाटू शकतात आणि तरी किती निर्णायक असतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आपल्याकडे मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवा उपक्रम येतो, नवे नाव, नवे ॲप, नव्या नोंदी. आधीचा का थांबला हे कोणी लिहून ठेवत नाही. शिक्षकांच्या डोक्यावर उपक्रमांचा ढीग वाढत जातो आणि त्यातला कोणता चालला हे कोणालाच ठरवता येत नाही.

बँकिंगमध्ये महाराष्ट्राने या बाबतीत एके काळी देशाला वाट दाखवली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली, गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या लाभांचा हिशेब मांडला. गावात जाऊन, घरटी आकडे गोळा करून मग सिद्धान्ताकडे वळायचे, ही त्यांची रीत. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली तेव्हा ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील संचालन समितीत गाडगीळ होते. ७५ जिल्ह्यांतली ६०० गावे पाहिली गेली. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या घरात, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. पतपुरवठा, शेतमालाची विक्री आणि गोदामे यांची एकत्र बांधणी केल्याशिवाय सावकाराची पकड सुटणार नाही, अशी मांडणी समितीने केली. १९५४ च्या त्या अहवालाचा परिणाम म्हणून १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर आली. एका पाहणीतून बँक उभी राहिली, असे म्हणणे फार अतिशयोक्तीचे नाही.

१९६९ मध्ये गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने पतपुरवठ्याचे नियोजन क्षेत्रनिहाय व्हावे, असे सुचवले आणि त्या वर्षअखेरीस अग्रणी बँक योजना आली. तेव्हापासून आजतागायत दर जिल्ह्याला अग्रणी बँक आहे, वार्षिक पतआराखडा आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक आहे. आणि दर खरिपाला पीककर्जाची उद्दिष्टे अपुरी राहिल्याच्या बातम्याही आहेत. मधल्या काळात आढावे झाले. २००९ मध्ये उषा थोरात समितीने योजनेचे पुनरावलोकन केले. पण शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर पीककर्जाचा अर्ज आला की नेमके काय होते, या प्रश्नाकडे गाडगीळांच्या पाहणीइतक्या गांभीर्याने आपण पाहिले का? कर्मचारी किती, सात-बारा आणि बोजा तपासायला वेळ किती, थकीत कर्जाचा ठपका कोणावर येतो, बदली किती वर्षांनी होते, यांची उत्तरे शेतकऱ्याला कर्ज मिळणार की नाही हे ठरवतात. धोरणाच्या भाषणांत ती नसतात.

या तऱ्हेचे बारीक संशोधन बँकिंगमध्ये शक्य आहे, हे कोलकात्यातल्या एका प्रयोगाने दाखवले. सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या बायकांना साधारणपणे दोन आठवड्यांत पहिला हप्ता भरावा लागतो. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काहींना ही मुदत दोन महिने दिली. कर्जाची रक्कम तीच, व्याज तेच, बदलला तो फक्त पहिल्या हप्त्याचा दिवस. मुदत मिळालेल्या बायकांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा इतरांपेक्षा जवळपास ४० टक्क्यांनी जास्त होता. मात्र कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले. म्हणजे कर्जदार बाईचे हित आणि वसुली अधिकाऱ्याची बढती इथे समोरासमोर उभी राहतात. असा पेच उघड करून मांडणे हेच संशोधनाचे काम. तो कसा सोडवायचा हे मग बँकेने आणि समाजाने ठरवावे. आधार जोडणीनंतर राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटेनात आणि ऊसतोड मजुराला बँक मित्राच्या टपरीवरून रिकाम्या हाताने परतावे लागले, तो प्रश्नही याच जातीचा. यंत्र बनवणाऱ्याने बोट पाहिले, त्या बोटामागचे काम पाहिले नाही.

मग असे संशोधन आपल्याकडे इतके कमी का? पैसा हे एक कारण आहे. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनातला संशोधनावरचा खर्च ०.६४ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो आहे. पण माझ्या मते मोठे कारण प्रतिष्ठेचे आहे. विद्यापीठांत २०१० पासून अध्यापकांची कामगिरी मोजणाऱ्या एपीआयच्या गुणांची पद्धत आली आणि शोधनिबंधांची संख्या हेच संशोधन झाले. पैसे घेऊन छापणारी नियतकालिके फोफावली. व्यवस्थापन, वाणिज्य, शिक्षणशास्त्र, अभियांत्रिकी, सगळीकडे एकाच साच्यातला प्रबंध दिसू लागला. शे-दोनशे जणांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, तीही ओळखीच्या संस्थेतून. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच खान्यांची उत्तरे, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी शिफारशी: बँकांनी जनजागृती करावी, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, शासनाने लक्ष घालावे. या शिफारशींसाठी संशोधनाची गरजच नव्हती. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली, हे चांगले झाले. पण मार्गदर्शकाच्या आणि परीक्षकाच्या मनातली सक्ती नियमाने जात नाही. एखाद्या विद्यार्थ्याने 'आशा कार्यकर्तीच्या दिवसातले तास कसे जातात' यावर तीन वर्षे नोंदी ठेवल्या तर 'यात सिद्धान्त कुठे आहे?' असा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की उपयोगाचा इतका आग्रह धरला तर मूलभूत विज्ञान मागे पडेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम याला उत्तर देते. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोल मेंढ्यांत जुळी देणारे जनुक आहे. त्या जनुकातला नेमका बदल २००१ च्या सुमारास जनुकशास्त्रज्ञांनी शोधला तेव्हा कोणत्या कोकरात ते आहे हे रक्ततपासणीतून कळू लागले. त्यातून फलटणला 'नारी सुवर्णा' मेंढी घडली. मूलभूत शोध नसता तर हे काम फार रखडले असते. पण जुळ्या कोकरांना पुरेल इतके दूध मेंढीला येते का, भटक्या धनगराला दोन पिले सांभाळणे परवडते का, हे प्रश्न फलटणच्या माळावरच सुटू शकत होते. दोन्ही कामांची गरज आहे आणि दोघांचा मान सारखा असावा, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप पद्धतीवर आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि तुलना करायची, या प्रयोगांवर नोबेल विजेते अँगस डीटन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी टीका केली आहे: एका जागी चाललेले दुसरीकडे चालेलच असे नाही. ही टीका योग्य आहे आणि बिहार-उत्तराखंडचा अनुभव तिला दुजोराच देतो. पण गाडगीळांनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, विश्वेश्वरय्यांनीही नाही, आणि बावस्करांचे काम खाटेशेजारच्या निरीक्षणातून सुरू झाले. पद्धत प्रश्नाप्रमाणे बदलते. बदलू नये ती एकच गोष्ट: उपाय दिल्यावर परत जाऊन पाहण्याची सवय.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त टोचणारा. लोक मरत असताना दहा दहा वर्षे अभ्यास करत बसायचे का? आणि तुलनेच्या गावातल्या बाळांचे काय? या प्रश्नाचे उत्तर संशोधकाने प्रत्येक वेळी गावासमोर द्यायला हवे, त्यातून सुटका नाही. पण न तपासलेली योजना राज्यभर लागू करणे हाही प्रयोगच असतो. फरक इतकाच की तो कोट्यवधी लोकांवर होतो, त्याची नोंद राहत नाही आणि त्याला कोणी संमती दिलेली नसते. निर्धूर चुलीच्या बाबतीत हेच घडले. घाईने वेळ वाचला नाही, दोन दशके गेली.

तेव्हा करायचे काय? संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी, सरकार असो की उद्योगांचा सामाजिक निधी, प्रस्तावातच विचारावे की हा उपाय शेवटी कोण राबवणार, त्याचे आजचे काम किती आहे आणि हे नवे काम आल्यावर त्याचे कोणते जुने काम कमी होणार. उत्तर नसेल तर प्रस्ताव अपुरा समजावा. यशस्वी प्रयोगाला दुसऱ्या टप्प्याचा निधी द्यावा, आणि तो सरकारी यंत्रणेत, सरकारी पगारात, सरकारी वेळेत उपाय टिकतो का हे पाहण्यासाठीच असावा. विद्यापीठांनी आपल्या जिल्ह्यातला एकेक प्रश्न दहा वर्षांसाठी हाती घ्यावा. सोलापूरच्या विद्यापीठाने शेपटाच्या पाण्याचा, नांदेडच्या विद्यापीठाने पीककर्जाचा. एकापाठोपाठ येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधीच्याच्या नोंदींवर काम पुढे न्यावे आणि 'हा विषय आधी झाला आहे' हे नाकारण्याचे कारण राहू नये. फसलेल्या उपक्रमांचे अहवाल छापण्याची सोय हवी, कारण बिहारमधले अपयश लिहिले गेले नसते तर हरियाणातला तो एक तास सापडला नसता. आणि राबवणाऱ्यांना, म्हणजे आशा, शिक्षक, पाटकरी, शाखेतला लिपिक यांना, प्रश्नावली भरून देणारे म्हणून न पाहता संशोधनाचे भागीदार म्हणून बसवावे. त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि निबंधावर त्यांची नावे घालावीत.

यांतले काहीही महागडे नाही. गाडगीळांच्या काळात देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता आणि तरी ६०० गावे पायाखाली घातली गेली. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तर संशोधनासाठी वेगळा पैसाच नव्हता. उणीव आहे ती या कामाला संशोधन म्हणण्याच्या तयारीची. आपला उपाय राबवणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो हे ज्या संशोधकाला माहीत नाही, त्याचे काम अर्धवट आहे. त्याला पदवी, निधी किंवा पुरस्कार देणाऱ्यांनी हे यापुढे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.